‘ओके’ म्हणजे सात

मी ज्या टीममध्ये नोकरी करते तिचं नाव इथे घेणार नाही, कॉन्ट्रॅक्टमध्ये तशी अट आहे. एवढंच सांगते की टीम आइस हॉकीची आहे, प्रोफेशनल आहे, आणि गेली सहा वर्षं ती बर्फावर जे काही करतेय त्याला खेळ म्हणायची पद्धत आहे.

न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरमधली बाकीची मराठी माणसं सकाळी ट्रेन पकडून न्यूयॉर्कला बँकांची सॉफ्टवेअरं सांभाळायला जातात. मी गाडी काढून उलट्या दिशेला जाते आणि दिवसभर अठरा वर्षांच्या पोरांचे व्हिडिओ बघते. कोणी किती वेळा पक घालवली, कोणी परत मिळवली, सगळं मोजायचं. पक म्हणजे ती काळी रबरी चकती, जिच्यासाठी दहा धडधाकट माणसं एकमेकांना भिंतीवर आपटतात. मी, उपासना रामटेके, नागपूर विद्यापीठाची संख्याशास्त्रातली गोल्ड मेडलिस्ट. मेडलचा हा असा उपयोग होईल असं विद्यापीठालाही वाटलं नसेल.

जूनच्या शेवटी ड्राफ्ट असतो. जगभरातल्या कोवळ्या हॉकीपटूंमधून एकेका टीमने पाळीपाळीने एकेक पोरगा उचलायचा, अशा सात फेऱ्या. त्याआधी वर्षभर आमचे स्काउट गावोगावच्या थंडगार रिंकमध्ये कागदी कपातली कॉफी घेऊन बसतात आणि पोरं पारखतात. ही पारख तुम्हाला नवीन वाटायचं काही कारण नाही. आपल्याकडे मुलगी बघायला जातात ना, अगदी तेच. उंची किती, वजन किती, दात किती शिल्लक आहेत, जरा चालून दाखव, जरा वळून दाखव. आई-बापाचीही उंची विचारतात, कारण पोरगा अजून वाढेल का ते बघायचं असतं. मांड्या भरल्यात की नाहीत यावर पन्नाशीचे बाप्ये अर्धा अर्धा तास चर्चा करतात, आणि त्याला विश्लेषण म्हणतात. शेवटी घरी जातात, सोफ्यावर बसतात आणि आई-बापाला विचारतात, तुमचा मुलगा कसा आहे हो?

आमचा सगळा घोळ तिथेच झाला.

माझ्या यादीत अडतिसाव्या नंबरावर एक पोरगा होता. डी. वासनिक, डिफेन्समन, मिशिगन. आपल्याच गोलच्या मागे अडकलेली पक काढायला हा जायचा, अंगावर दोन रेडे धावून येत असायचे, आणि हा एका पायावर गर्रकन वळून त्यांच्यामधून पक घेऊन बाहेर. आपटायला आलेले दोघं एकमेकांवर आपटायचे. मी तो व्हिडिओ कामासाठी चार वेळा बघितला आणि उगीचच सात वेळा. डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे चेहरा काही दिसला नव्हता, आणि नावाचा मी विचारच केला नव्हता. फाइलच्या पहिल्या पानावर आमच्या स्काउटने वर्षाच्या सुरुवातीला, पोराला भेटायच्या आधीच, लिहून ठेवलं होतं, “स्लोव्हाक वंशाचा दिसतो. युरोपियन पासपोर्ट आहे का तपासा.”

मीटिंगच्या आदल्या दिवशी मी पूर्ण फाइल उघडली आणि पहिलं नाव वाचलं. धम्मदीप.

अरे बाप्पा! स्लोव्हाक कुठला, हा तर आमच्या कामठी रोडवरचा निघायचा! मी खुर्चीत एवढ्या जोरात हसले की शेजारच्या केबिनमधून कोणीतरी बरं आहे ना म्हणून विचारायला आलं. मग मी पुढचं पान उलटलं आणि माझं हसू गेलं.

हा स्काउट म्हणजे डेल. मिशिगन त्याच्याकडे असतं. तीस वर्षं हेच काम करतोय आणि आपण माणूस बघताक्षणी ओळखतो असं त्याचं स्वतःचं मत आहे. तो तिथल्या नोव्हाय गावात वासनिकांच्या घरी जाऊन आला होता. वडील धर्मराज, गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात टूलरूम इंजिनिअर. आई सुजाता, फार्मसीत. आईने सामोसे दिले हे डेलने मुद्दाम लिहिलं होतं. मग प्रश्नोत्तरं.

मुलाची सगळ्यात मोठी ताकद कोणती? वडील म्हणाले, “स्पेशल असं काही नाही.”

मेहनती आहे का? “नाही. लेझी आहे.”

कुठवर जाईल? “बघू. ओके आहे. त्याच्यापेक्षा त्याच्या टीमचा तो गोलकीपर बघा, तो व्हेरी गुड आहे.”

खाली डेलचा शेरा: “वडील प्रामाणिक. सख्ख्या बापाला ज्याची खात्री नाही, त्याची आपण कशाला घ्यायची? शिवाय वडील सगळं स्वतःच्या मुठीत ठेवतात. मुलाच्या स्केट्सना टीमच्या माणसाला हात लावू देत नाहीत, धार स्वतःच लावतात. शिफारस: घेऊ नये.”

पोराची मुलाखतही होती, एक पान. वडिलांना तुझा खेळ कसा वाटतो, या प्रश्नावर त्याने उत्तर दिलं होतं, “ही इज नॉट अ फॅन.” पुढे शेरा, आत्मविश्वास कमी.

मला धर्मराज वासनिकांचा असा राग आला म्हणून सांगू! अहो, मुलगी दाखवताना तरी बाप सांगतो की पोहे तिनेच केलेत! इथे टीमकडून घरी आलेला माणूस सोफ्यावर बसून सरळ विचारतोय, वही उघडून बसलाय, आणि हे म्हणतात शेजारचा बघा. आणि दुसरा तो डेल. तीस वर्षं माणसं ओळखतोय म्हणे! मराठी बापाने मुलाला आळशी म्हटलं आणि याने ते खरं मानून लिहून घेतलं!

आमच्याकडे दृष्टबिष्ट मानत नाहीत. बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात लिंबू-मिरचीला जागा नसते. दुर्दैवाने कौतुकालाही नसते. एका पिढीने दुप्पट राबून एक खुर्ची मिळवलेली असते, पुढच्या पिढीने फुगून ती घालवू नये, म्हणून टाचणी कायम हातात तयार. माझे बाबा पोस्टात होते. दहावीला मला ब्याण्णव टक्के मिळाले तेव्हा त्यांनी विचारलं, बाकीचे आठ कुठे गेले? या नोकरीचं सांगायला फोन केला, अमेरिकेतल्या प्रोफेशनल टीममध्ये अशा पदावर आपल्याकडची मीच बहुतेक पहिली, वगैरे वगैरे. ते म्हणाले, “बरं. आईला देऊ?”

तर दुसऱ्या दिवशी मीटिंग. लांब टेबल, अकरा पुरुष आणि मी. आमचा मुख्य क्लिफ. क्लिफ सगळ्यांना ऑसम म्हणतो. प्रिंटर चालू झाला, ऑसम. सँडविच आलं, ऑसम. मला सहा वर्षं ऑसम म्हणतोय आणि प्रमोशन दर वेळी दुसऱ्याला देतोय. भिंतीवर चुंबकाच्या पट्ट्यांवर पोरांची नावं लावलेली. क्लिफने वासनिकची पट्टी अडतिसाव्या जागेवरून काढली आणि खाली कोपऱ्यात, ‘घ्यायचे नाहीत’ या रांगेत नेऊन चिकटवली. त्या रांगेत एक पोरगा होता ज्याने कोचची गाडी चोरली होती. त्याच्या शेजारी धम्मदीप.

“ही चूक आहे,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सहसा नंबर विचारल्यावरच बोलते.

“याचे वडील जे बोलले ते तसं नसतं,” मी म्हटलं. “आमच्याकडे आपल्या मुलाबद्दल असंच बोलतात.”

डेल खुर्चीत मागे रेलला. “उपासना, हा तुमच्यातला आहे, नाही का?” तो गोड आवाजात म्हणाला. “मी समजू शकतो.”

माझं डोकंच फिरलं. या टेबलावर कॅनडाच्या एकाच प्रांतातले चौघं बसतात. चौघंही दर वर्षी आपल्याच गावाकडची पोरं पुढे ढकलतात. एकाने तर सख्ख्या पुतण्याच्या जोडीला खेळणाऱ्या पोराला पाचव्या फेरीत घ्यायला लावलं, पोरगा आता विमा विकतो. त्याला म्हणतात, ‘त्या भागाची जाण’. मी सहा वर्षांत पहिल्यांदा एका नावासाठी तोंड उघडलं, तर मला समजू शकतात!

“डेल,” मी म्हटलं, “काल संध्याकाळपर्यंत तो तुमच्यातला होता. स्लोव्हाक.”

दोघं-तिघं हसले. क्लिफ हसला नाही. त्याने पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बापाने स्वतः आळशी म्हटलंय, उपासना. मी मालकांना काय सांगू? आमच्या स्टॅटिस्टिक्सवालीला वाटतं की तो उलटं बोलत होता?”

“फोन लावा त्यांना,” मी म्हटलं. “इथे, सगळ्यांसमोर. मी मराठीत विचारते आणि शब्द न शब्द भाषांतर करून सांगते. त्यानंतर तुम्हाला पटलं नाही तर राहू द्या पट्टी तिथेच, मी पुन्हा नाव काढणार नाही.”

बोलून गेले आणि मग लक्षात आलं मी काय बोलले ते. कारण फोन आपटला तर पोरगा तर जाणारच, वर पुढची सगळी वर्षं या टेबलावर मी तोंड उघडलं की हे सगळे गोड आवाजात मला समजू शकणार.

“दहा मिनिटं,” क्लिफ म्हणाला.

सकाळचे अकरा वाजले होते. फोन लागला तेव्हा पलीकडे मशीनचा खणखणाट चालू होता.

“हॅलो, धिस इज धर्मराज.”

“जय भीम, भाऊ. उपासना रामटेके बोलते. हॉकी टीमच्या ऑफिसातून.”

खणखणाट चालूच राहिला. मग हळूच आवाज आला. “जय भीम, ताई. हॉकीच्या? कुठल्या जी तुम्ही?”

“नागपूर. कामठी रोड.”

“अरे बाप्पा! आम्ही तिथलेच, इंदोऱ्याचे! थांबा, थांबा, बाहेर येतो.”

“काय म्हणाला?” डेलने विचारलं.

“बाहेर येतोय म्हणाला.”

“एवढं मोठं?”

“भाऊ,” मी म्हटलं, “आधीच सांगते, फोन स्पीकरवर आहे. अकरा जण ऐकताहेत. मराठी मला एकटीला समजते, मी त्यांना सगळं भाषांतर करून सांगणार आहे. धम्मदीपबद्दल विचारायचंय. खेळायला कसा आहे?”

“ठीक आहे.”

मी भाषांतर केलं. डेलने हात पसरले, बघा म्हणून.

“भाऊ, ठीक म्हणजे? जरा मोकळेपणाने सांगा ना. काय चांगलं आहे त्याच्यात?”

“ताई, चांगलं मी काहून सांगू? तुम्ही पेपर तपासणारे. बापाने दिलेले मार्क कोणी धरतं का? आणि अजून शिकतोच आहे तो. लय चुका करतो.”

“चुका करतो,” मी इंग्रजीत सांगितलं. माझा आवाज खाली गेला होता. क्लिफने घड्याळ बघितलं. मनातल्या मनात मी या माणसाला अशा शिव्या घातल्या की आमच्या मोहल्ल्यातही ऐकू आल्या नसतील. एक शब्द! एक चांगला शब्द बोलला असता तर याचं काय गेलं असतं? आणि बोलणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. बाबांच्या तोंडून मी अडतीस वर्षांत काढू शकले नव्हते, याच्या तोंडून दहा मिनिटांत काय काढणार!

समोर डेलचा रिपोर्ट पडला होता. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. “भाऊ, स्केट्सना धार तुम्हीच का लावता?”

“मग कोण लावणार?” त्यांचा आवाज एकदम बदलला. “टीमचा तो पोट्टा मशीनवर सरसर ओढतो आणि देतो. दोन्ही पायांना सारखीच. सारखीच कशी चालेल, ताई? हा बारा वर्षांचा असताना डावा घोटा मुरगळला होता. तेव्हापासून डावा पाय आतून दाबतो. म्हणजे डाव्या पात्याची आतली धार आधी जाते. मी टूलरूमचा माणूस. गॅरेजमध्ये ग्राइंडर बसवलाय. दर मॅचनंतर पातं भिंगाखाली बघतो. पातं बघितलं की समजतं, किती वेळा मागे वळून पक आणली, कुठल्या पायावर वळला, दमला का. फेब्रुवारीत दमत होता. शेवटच्या वीस मिनिटांत सगळा भार उजव्यावर यायचा.”

मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते. टेबलावरच्या लोकांनी कॉफीचे कप खाली ठेवले होते. आमच्या टीमला स्केट्सला धार लावायला दोन पगारी माणसं आहेत आणि दोघांनाही भिंग माहीत नाही.

“मग?” मी विचारलं.

“मग काय, डावा पाय पक्का करायला सकाळी पाच वाजता धावायला लागला. टेकडी इथे नाही, तर शाळेच्या पायऱ्यांवर. मार्चमध्ये पातं दोन्हीकडून सारखं झिजायला लागलं.”

“तुम्ही धावायला लावलंत?”

“मी कशाला लावू? मी झोपलेला असतो. तोच उठतो आणि मला उठवतो. गाडीचे दिवे पायऱ्यांवर पाडायला कोणीतरी पाहिजे ना. मायनस दहामध्ये मी गाडीत हीटर लावून बसतो आणि तो धावतो.”

मी उभीच राहिले. “भाऊ! तुम्ही डेलला सांगितलंत की पोरगा आळशी आहे!”

“आहेच ना!” धर्मराज वासनिक तावातावाने म्हणाले. “रविवारी सहा-सहा वाजेपर्यंत झोपतो!”

मी भाषांतर केलं. शब्द न शब्द, कबूल केल्याप्रमाणे.

मग टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या गोलकीपर कोचने टेबलावर डोकं टेकलं आणि तो हसायला लागला. मग सगळेच. डेल सोडून. डेल आपल्याच रिपोर्टकडे बघत होता. “संध्याकाळी सहा?” त्याने मला आशेने विचारलं.

“सकाळी, डेल.”

“ताई, काय झालं जी?” फोनमधून घाबरा आवाज आला. “काही चुकीचं बोललो का?”

“नाही, भाऊ. पहिल्यांदाच बरोबर बोललात.”

फोन ठेवल्यावर क्लिफ उठला, मार्कर घेतला आणि व्हाइटबोर्डसमोर माझ्या हातात दिला. आम्ही पोरांना एक ते नऊ अशा गुणांत तोलतो. “लिही,” तो म्हणाला. “यापुढे असे आई-बाप आले तर आम्हाला समजायला पाहिजे.”

मी लिहिलं. ‘लेझी’: आठवड्यातून एक दिवस सहाला उठतो. ‘व्हेरी गुड’: फक्त दुसऱ्यांच्या मुलांसाठी. ‘गुड ट्राय’: तीन. ‘ओके’: सात. ‘नॉट बॅड’: आठ.

“आणि नऊ?” क्लिफने विचारलं.

मी थांबले. नऊचा मी कधी विचारच केला नव्हता. आणि मग मला आमचं अंगण दिसलं. गोल्ड मेडलची यादी पेपरात आली त्या सकाळी बाबांनी माझं नाव वाचलं. पेपरची घडी घातली. एक अक्षर बोलले नाहीत. उठून बाहेर गेले आणि सायकलच्या चेनला तेल द्यायला लागले. तासभर देत बसले. आदल्याच दिवशी दिलं होतं.

सतरा वर्षं मी हा किस्सा तक्रार म्हणून सांगत आले आहे. पार्ट्यांमध्ये रंगवून सांगते, लोक हसतात. त्या बोर्डासमोर, अकरा परक्या माणसांसमोर मार्कर घेऊन उभी असताना मला तो पहिल्यांदा समजला, आणि असा हुंदका आला की मी खोकल्याचं नाटक केलं. मग सगळ्यात वर लिहिलं, नऊ: काहीच बोलत नाही, उठून काम करायला जातो.

“ऑसम,” क्लिफ म्हणाला. त्याला दुसरं काही येत नाही, सोडून द्या. पण पट्टी त्याने स्वतः उचलली आणि पहिल्या पन्नासात नाही तरी साठाच्या आसपास नेऊन लावली. अगदी अडतीसवर लावली असती तर डेलला रडू आलं असतं.

ड्राफ्टच्या दिवशी तिसऱ्या फेरीत आमची पाळी आली तेव्हा तो शिल्लक होता. सूत्रसंचालकाने नाव वाचताना ‘डॅमाडिप व्हॉझनिक’ असं काहीतरी केलं, ते ऐकून कोण्या स्लोव्हाक माणसाची मान उंचावली असेल तर असो. पद्धतीप्रमाणे क्लिफने घरी फोन लावला, स्पीकरवर. मागे बायकांचा गोंधळ, कोणीतरी रडतंय, कुकरची शिट्टी.

“मिस्टर वासनिक! अभिनंदन! कसं वाटतंय?”

“इट इज ओके,” धर्मराज वासनिक म्हणाले.

“सेव्हन!” आमची अख्खी खोली ओरडली. डेलसुद्धा. पलीकडे त्या बिचाऱ्याला काय समजलं असेल कोण जाणे.

इथे मी गोष्ट संपवली असती आणि दोन-चार वर्षं पार्ट्यांमध्ये सांगत फिरले असते. माझी चूक माझ्या लक्षातच आली नव्हती. अकरा कॅनेडियन आणि अमेरिकन बाप्यांना मी ती भाषा शिकवली होती. ज्याला शिकवायला पाहिजे होती तो एक राहिला होता.

जुलैत नव्या पोरांचा कॅम्प भरला. प्रत्येकाला त्याच मीटिंगच्या खोलीत माझ्याकडे येऊन आपले व्हिडिओ बघायचे असतात. धम्मदीप दुपारी आला, सहा फूट एक इंच, मिशी ठेवावी की नको या विचारात असलेला ओठ. आईने बजावलं असणार, कारण दारातून म्हणाला, “हाय, उपासना मॉवशी.” मराठी त्याला सगळं समजतं. बोलतो इंग्रजी.

मी कॉम्प्युटर लावत होते. तो उभा होता. मी मान वर केली, तर तो व्हाइटबोर्ड वाचत होता. तो कोणी पुसलाच नव्हता. वर कोणीतरी ‘वासनिक स्केल’ असं नाव टाकलं होतं.

“हे काय आहे?”

मी हसत हसत सांगितलं. फोन, धार, रविवारचे सहा, सगळं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही.

“वेट,” तो म्हणाला. “ओके इज सेव्हन?”

“हो.”

“आउट ऑफ नाइन?”

“हो रे.”

“पण ते खरंच म्हणतात,” तो इंग्रजीत म्हणाला. “लेझी. मला इंग्रजीत म्हणतात. मी लेझीचा अर्थ लेझीच धरला.”

मी नागपुरात वाढले, गल्लीतल्या प्रत्येक पोराचा बाप असंच बोलायचा, आम्ही एकमेकांचे बाप ऐकून हिशोब लावायचो. हा नोव्हायमध्ये वाढला. याच्या मित्रांचे बाप पोराने बूट बरोबर पायात घातला तरी टाळ्या वाजवतात. याला कोणी सांगायचं? ‘ही इज नॉट अ फॅन’, मी स्वतः वाचलं होतं आणि पान उलटलं होतं.

त्याने फोन काढला. वडिलांचे मेसेज उघडले. ते मॅचला दर वेळी हजर असतात, काचेमागे उभे राहून बघतात आणि घरी पोचायच्या आत एक मेसेज पाठवतात. तो बोटाने वर वर सरकवत गेला.

“ओके,” त्याने वाचलं. “सेव्हन. ओके. सेव्हन. नॉट बॅड...” त्याने बोर्डाकडे बघितलं. “एट. ओके. ओके. गुड ट्राय.” तो थांबला. “त्या दिवशी मी भयंकर खेळलो होतो. माझ्यामुळे चार गोल झाले.”

“तीन दिलेत ना त्यांनी? बरोबर दिलेत.”

तेवढ्यावर तो हसला. मग पुन्हा सरकवत मार्चपर्यंत गेला आणि तिथे बोट अडकलं.

“प्लेऑफची शेवटची मॅच,” तो म्हणाला. “मी ओव्हरटाइममध्ये गोल केला. एंड टु एंड, रिंकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या दिवशी मेसेजच नाही.” त्याने मला फोन दाखवला. आदल्या मॅचचा ओके होता, नंतर एकदम चार दिवसांनी दूध आण. “गाडीतही काही बोलले नाहीत. घरी आलो आणि ते सरळ गॅरेजमध्ये गेले. ग्राइंडर चालू होता, दोन तास. सीझन संपला होता, मॉवशी. मला पुढे मॅचच नव्हती. मला वाटलं, माझ्यावर चिडलेत.”

मी नुसतं बोट दाखवलं, बोर्डावर सगळ्यात वरच्या ओळीकडे.

त्याने ती वाचली. पुन्हा वाचली. मग एवढा थोरला सहा फूट एक इंचाचा डिफेन्समन, ज्याच्या मांड्यांवर आमच्याकडे तीन पानी रिपोर्ट आहे, समोरच्या खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. मी त्याला टिश्यू देणार होते, पण डबा एकच होता आणि तो मलाच लागत होता.